खळे, इंद्रवज्र आणि उडती तबकडी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काळ्या कसदार पट्ट्यात अंकुशनगर वसले आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली ही वसाहत. सहकारी चळवळीतील नेते अंकुशराव टोपे यांचे नाव तिला लाभले आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागते, तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि चार-पाच महिने शेकडो माणसे उघड्या आभाळाखाली जेवतात आणि निजतात. आकाश पाहण्यासाठी त्यांना मुद्दाम गच्चीवर जावे लागत नाही. शहरातल्या माणसाला वर्षातून एकदा दिसणारी गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून रोज जाते.

अशाच एका हिवाळी मुक्कामात एका तरुणाने आम्हाला विचारले, "काका, पाडव्याच्या रात्री आकाशातून गेले ते खरेच तबकडी होते का हो?" प्रश्न विचारताना तो अर्धवट हसत होता. हसला नसता तर आपल्यालाच लोक हसतील, अशी त्याला धास्ती असावी. आम्हाला त्या प्रश्नापेक्षा त्या हसण्याचेच अधिक वाईट वाटले. आकाशात काही विलक्षण पाहिले असे सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी येतात. एक तर त्याची टिंगल होते, नाही तर त्याच्याभोवती नारळ-उदबत्त्यांची गर्दी जमते. त्याने नेमके काय पाहिले, हे शांतपणे विचारून लिहून घेणारा तिसरा माणूस क्वचित भेटतो. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात तो अगदीच दुर्मीळ नाही.

त्या तरुणाच्या मनात होती ती २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. वार शनिवार, दिवस गुढीपाडव्याचा. पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेशाचा काही भाग येथील लोकांनी आकाशातून जळते लोळ जाताना पाहिले. एकामागे एक, जणू रांग धरून, लांब शेपट्या मागे ओढीत ते आडवे सरकत गेले. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर येथून ते दिसले. लोकांनी मोबाइलवर चित्रणे केली आणि तासाभरात ती राज्यभर फिरली. कोणी म्हणाले उल्कापात, कोणी म्हणाले क्षेपणास्त्र, कोणी म्हणाले विमान पेटले, आणि तबकडीचे नाव तर निघालेच. या घटनेकडे आपण परत येणारच आहोत. तत्पूर्वी मागे जायला हवे, कारण आकाशातील अनोळखी दृश्याची चौकशी कशी करावी याचा एक सुंदर धडा याच दख्खनच्या पठारावर दोनशे वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. जन्म १७९०. पेशवाई बुडाल्यानंतर नव्या मुलखाची मोजदाद करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली त्याला सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे त्याचे क्षेत्र. (जालना-अंबडचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता.) शेतसारा, पिके, वजने-मापे, खानेसुमारी हे त्याचे सरकारी काम, परंतु माणूस असा चौकस, की त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, नद्यांतील मासे पाहिले आणि वायुभारमापक घेऊन पठारावर ठिकठिकाणी हवेचा दाब नोंदविला. दिवसातून दोनदा हवेचा दाब चढतो आणि दोनदा उतरतो, ही वातावरणाची भरती-ओहोटी त्याने कित्येक वर्षे चिकाटीने टिपली.

या भटकंतीत त्याचा मुक्काम हरिश्चंद्रगडावर पडला. अकोले तालुक्यातील या गडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढीच कल्पना करावी, की जमीन चालता चालता एकाएकी संपते आणि पायांखाली नागाच्या फण्यासारखी आत वळलेली भिंत कोकणात उतरते. खालून धुके वर येते आणि कड्याला टेकून उभे राहते. साइक्स कड्याच्या अगदी काठावर उभा होता. समोर धुके, पाठीशी निरभ्र आकाशातील सूर्य, आणि तोही अगदी खाली. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे ही वेळ सकाळचीच असणार. समोरच्या धुक्यात त्याला इंद्रधनुष्य दिसले, पण कमान नव्हे, संपूर्ण वर्तुळ. अर्धे त्याच्या पायांच्या पातळीवर, अर्धे खाली. रंग अतिशय झळझळीत. आणि त्या वर्तुळाच्या मधोमध, चौकटीत चित्र बसवावे तशी, त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. बाहेरच्या बाजूस फिकट रंगांचे आणखी एक वलय होते.

यापुढील भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. साइक्सबरोबरच्या नोकरमाणसांना त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. ती माणसे याच मुलखातली असणार. त्यांची नावे त्याने दिलेली नाहीत. धुक्यातल्या तेजोवलयात कोणीतरी उभे आहे हे पाहून ती धास्तावली. परंतु ती पळाली नाहीत, की हात जोडून खालीही बसली नाहीत. त्यांनी हात हलवून पाहिले, पाय झाडून पाहिले, वाकून आणि वळून पाहिले. वर्तुळातील आकृतीही तसेच करते आहे हे ध्यानात आल्यावर भीती हळूहळू ओसरली. विज्ञानाच्या भाषेत याला प्रयोग म्हणतात. प्रश्न विचारला, कृती केली, उत्तर मिळाले. साइक्सची विद्वत्ता मोठी खरी, पण त्या सकाळी कोकणकड्यावरचा खरा तपास या अनामिकांनी केला, असे आमचे मत आहे. साइक्सचे श्रेय हे, की त्याने त्यांच्या भीतीसह त्यांचा प्रयोगही लिहून ठेवला.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक दुरुस्ती आवश्यक आहे. हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र साइक्सने १८३५ साली पाहिले, असे गिर्यारोहणाच्या लिखाणात हटकून आढळते. परंतु १८३५ हे त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेल्याचे वर्ष होय. साइक्सने हिंदुस्थान सोडला तो १८३१ साली. तेव्हा दर्शन त्यापूर्वीचे, बहुधा १८२४ ते १८३० या काळातील. चूक लहान आहे, पण आकाशातील घटनांच्या चौकशीत पहिली जखम नेहमी तारखेलाच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

साइक्सने आणखी एक गोष्ट केली. धुके अगदी जवळ असल्यामुळे वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा, असा त्याने अंदाज दिला, आणि तो कशावरून केला तेही सांगितले. बहुतेक साक्षीदार येथेच चुकतात. "थाळीएवढे होते", "बसएवढे होते" असे ते सांगतात. परंतु वस्तू किती दूर आहे हे ठाऊक नसेल तर डोळ्याला तिचा आकार कळूच शकत नाही. कळतो तो केवळ कोन. हाताच्या अंतरावरचा रुपया आणि आकाशातला चंद्र यांत डोळ्याच्या हिशेबी रुपयाच मोठा असतो. म्हणून उडत्या तबकडीच्या कथेत आकार जितका ठाम, तितका तपासनिसाने सावध व्हावे.

कोकणकड्यावर दिसले ते काय होते? धुक्याचे थेंब अतिशय सूक्ष्म असतात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, क्वचित त्याच्या दुप्पट. पाठीमागून येणारा सूर्यप्रकाश त्या थेंबांत शिरतो आणि जवळजवळ आल्या वाटेने परततो. परततांना रंगांची वलये तयार होतात आणि त्यांचे केंद्र नेमके पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर असते. पावसातील इंद्रधनुष्याची गोष्ट त्या मानाने सोपी. तिचा उलगडा करण्यात डॉमिनिकन संघाचे एक धर्मबंधू अग्रभागी होते, हे आमच्या अनेक वाचकांना नवे वाटेल. फ्रायबर्गचे थिओडोरिक यांनी सुमारे १३०४ ते १३१० या काळात पाण्याने भरलेला काचेचा गोल हाच मोठा पावसाचा थेंब मानला आणि किरण आत शिरताना एकदा वळतो, मागील भिंतीवरून परावर्तित होतो व बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे दाखविले. त्याच सुमारास इराणात कमालुद्दीन अल-फारिसी हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. पुढे १६२९ साली रोमजवळच्या आकाशात सूर्याभोवती वलये आणि खोटे सूर्य उमटले. ते येशूसंघीय ज्योतिर्विद क्रिस्तोफ शाइनर यांनी टिपून ठेवले. त्या टिपणाच्या प्रती युरोपभर फिरल्या आणि त्यांतील एक देकार्तच्या हाती पडली. हातचे काम बाजूला ठेवून तो वातावरणाच्या अभ्यासाकडे वळला, आणि १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधात इंद्रधनुष्याचा सुमारे ४२ अंशांचा कोन गणिताने सिद्ध झाला.

धुक्यातील वलयाचे गणित मात्र इतक्या सहज सुटले नाही. प्रकाशाचा किरण सरळ रेषेत जातो एवढ्या भांडवलावर ते सुटतच नाही. प्रकाश ही लहर आहे हे धरून चालावे लागते. गुस्ताफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली त्यासाठी लागणारी समीकरणे मांडली आणि त्यांचा भौतिक अर्थ लावण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. दरम्यान १८९४ साली स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर सी. टी. आर. विल्सन या तरुणाने हीच वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत निर्माण करण्याच्या ध्यासाने त्याने कृत्रिम ढग बनविण्याची पेटी तयार केली. त्या पेटीतून अणूच्या अंतरंगातील कणांचे मार्ग दिसू लागले आणि १९२७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. डोंगरावरच्या ज्या वलयाला पाहून कोणी 'भूत' म्हणाले असते, ते अशा ठिकाणी जाऊन पोहोचले.

साइक्सच्या आधी सुमारे शंभर वर्षे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर हेच दृश्य पाहिले गेले होते. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी १७३५ साली निघालेल्या फ्रेंच-स्पॅनिश मोहिमेतील अंतोनियो दे उयोआ आणि पियेर बुगेर यांनी पांबामार्का शिखरावर समोरच्या ढगात आपल्या सावल्या आणि त्यांच्या डोक्यांभोवती रंगीत वलये पाहिली. मंडळी सहा-सात होती, अगदी जवळजवळ उभी होती. तरीही प्रत्येकाला वलय दिसले ते फक्त स्वतःच्या डोक्याभोवती. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती काहीच नाही! ही नोंद फार महत्त्वाची आहे. साक्षीदारांच्या कथनात फरक पडला म्हणजे कोणीतरी खोटे बोलते, असा आपला समज असतो. येथे प्रत्येकाचे कथन वेगळे आणि प्रत्येकाचे खरे होते.

आपल्या पूर्वजांना या गोष्टी ठाऊक नव्हत्या असे मुळीच नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त परिवेष, इंद्रायुध, गंधर्वनगर आणि प्रतिसूर्य यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. परिवेष म्हणजे आपले खळे. चंद्राला खळे पडले की म्हातारी माणसे अंगणातूनच पावसाचा अंदाज बांधीत. हे खळे पडते ते उंच, पातळ ढगांतील बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांमुळे. सूर्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे २२ अंशांवर प्रकाशाचे जे डाग उमटतात, तेच प्रतिसूर्य. वराहमिहिराने त्यांना शुभाशुभाशी जोडले, हा काळाचा प्रभाव. पण त्यांचे रंग, त्यांची दिशा, त्यांची वेळ हे पाहण्याची शिस्त त्यात आहे.

पाहिलेल्या गोष्टीला नाव मात्र प्रत्येक काळ आपल्या मनातील काळजीप्रमाणे देतो. १४ एप्रिल १५६१ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात सूर्योदयाच्या वेळी लोकांनी सूर्याभोवती गोळे, क्रूस आणि नळकांडी यांची जणू लढाई जुंपलेली पाहिली. हान्स ग्लाझर याने त्याचे लाकडी ठशाचे चित्र छापून विकले. तो काळ धर्मकलहाचा. तेव्हा लोकांना त्यात देवाचा इशारा दिसला. आज तेच चित्र तबकड्यांच्या पुस्तकांत 'अंतराळातील युद्ध' म्हणून झळकते. वातावरणाचे अभ्यासक त्यात खळे, प्रतिसूर्य आणि प्रकाशस्तंभ ओळखतात. क्रूसाचा आकारसुद्धा उभा प्रकाशस्तंभ आणि आडवी प्रकाशरेषा छेदल्याने सूर्याजवळ खरोखर उमटतो. चित्र एकच आहे. पाहणारे बदलले आहेत.

'तबकडी' हे नाव तर चुकूनच जन्माला आले. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत केनेथ आर्नल्ड हा वैमानिक माउंट रेनियरजवळून उडत असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी उड्या घेत जाते तशा त्या जात होत्या, असे त्याने त्यांच्या चालीचे वर्णन केले. वर्तमानपत्रांनी चालीचा आकार करून टाकला, आणि त्यानंतर जगभर लोकांना बशीच्याच आकाराची याने दिसू लागली! अमेरिकी हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात 'ब्लू बुक' नावाने चालविलेल्या चौकशीसह एकूण १२,६१८ नोंदी तपासल्या. शुक्राचा तारा, फुगे, विमाने, उल्का, खळी असे त्यांतील बहुतेकांचे उलगडे झाले. ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. या ७०१ चा अर्थ परग्रहवासी आले असा होत नाही. पुरेशी माहिती हाती नव्हती एवढाच तो होतो.

आमच्या वाचकांच्या मनात एव्हाना एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो टाळणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. आकाशातील विलक्षण दर्शन म्हटले की ख्रिस्ती कुटुंबात फातिमाचे नाव निघणारच. १३ ऑक्टोबर १९१७ रोजी कोवा दा इरिया येथे पावसानंतर जमलेल्या हजारो लोकांपैकी अनेकांनी सूर्य रंग बदलताना, फिरताना आणि खाली झेपावताना पाहिला. लैरियाच्या बिशपांनी १९२२ साली चौकशी समिती नेमली आणि निर्णय दिला तो १३ ऑक्टोबर १९३० रोजी. ख्रिस्तसभेला घाई नव्हती. स्टॅन्ली याकी हे बेनेडिक्टाइन संघाचे धर्मगुरू, भौतिकशास्त्राचे जाणकार आणि विज्ञानाचे मोठे इतिहासकार. त्यांनी १९९९ साली फातिमाच्या सूर्यावर ग्रंथ लिहिला. त्या दिवशीच्या दृश्याला वातावरणाचे कारण असावे, ढगांतील बर्फाचे स्फटिक आणि हवेचे भिंगासारखे वागणे यांतून ते घडले असावे, असे त्यांनी मांडले. आणि तसे मांडूनही त्यांची श्रद्धा ढळली नाही. मुलांनी आधीच सांगितलेल्या दिवशी आणि घटकेलाच ते घडावे, यात त्यांना देवाचा हात दिसला. आम्हाला ही भूमिका पटते. कोणाला पटणार नाही. परंतु एका धर्मगुरूने श्रद्धेच्या गाभ्यातल्या घटनेवर वायुशास्त्राचा दिवा धरला आणि त्यामुळे काही विझले नाही, हे तरी आपण पाहावे.

नव्या चमत्कारांना बिशपांच्या तपासणीशिवाय मान्यता देऊ नये, हे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ सालीच सांगितले होते. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक विभागाने १९७८ चे जुने नियम बदलून नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार चौकशीअंती 'हे अलौकिकच आहे' अशी घोषणा सामान्यतः केली जात नाही. फार तर 'आक्षेप नाही' एवढेच म्हटले जाते. हा सावधपणा कोरडा नाही. २००८ साली केरळात सूर्यात पवित्र मरियेचे दर्शन होते अशी आवई उठली. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून बसलेल्या अनेकांच्या दृष्टिपटलाला इजा झाली. डोळ्याच्या त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून जळत असतानाही माणूस पाहतच राहतो. आपल्या मुलाबाळांना ही एक गोष्ट तरी प्रत्येक घराने सांगून ठेवावी.

आता पाडव्याच्या संध्याकाळकडे परतू. त्या घटनेत दख्खनच्या परंपरेला शोभेल असे काही घडले, आणि तिला न शोभेल असेही. शोभणारे असे, की लोकांनी केलेल्या चित्रणांत वेळ होती, दिशा होती आणि लोळ किती सेकंद टिकला तेही होते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा दोन-चार क्षणांत संपते. हा लोळ आडवा, सावकाश, मिनिटाच्या आसपास सरकत होता आणि त्याचे तुकडे होत होते. कक्षेतून खाली येणारी मानवनिर्मित वस्तू अशीच जळते. तिचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. त्याच दिवशी सायंकाळी न्यूझीलंडमधून एक अग्निबाण सुटला होता, तेव्हा काही जाणकारांनी पहिल्या तासात त्याचे नाव घेतले. वेळ जुळत होती, म्हणून तर्क वाजवी होता. पण तो चुकला. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांचे हिशेब पाहून सांगितले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३-बी' या अग्निबाणाचा रिकामा टप्पा त्याच वेळी, त्याच वाटेने वातावरणात शिरणार होता.

आणि जमिनीने साक्ष दिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या शिवारात सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पवनपार गावाजवळ धातूचा गोळा सापडला. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि इस्रोच्या तज्ज्ञांनी येऊन त्या पाहिल्या. असे गोळे अग्निबाणांत दाबाखालचा वायू साठविण्यासाठी असतात. ते जाड आणि चिवट असल्यामुळे जळून न जाता खाली पोहोचतात. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दहा फुटांचे धातूचे कडे घरावर पडले असते तर तबकडीच्या गप्पा कोणाला सुचल्या असत्या?

न शोभणारे असे, की पहिला तर्क ज्यांनी ऐकला त्यांतील पुष्कळांच्या कानी दुसरा गेलाच नाही. अंकुशनगरचा तो तरुण त्यांपैकीच एक. त्याने खरोखर काय पाहिले होते? आम्ही त्याला वेळ विचारली, ती जुळली. दिशा विचारली, त्याने उत्तर-ईशान्येकडे, क्षितिजाच्या बऱ्याच वर बोट दाखविले. ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू, आड काही नसेल तर, हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसू शकते, मग अंबड तालुक्यातून ती दिसली यात नवल काय? त्या वर्षी मराठवाड्यात ऊस इतका झाला होता की गाळप उन्हाळा सरत आला तरी संपत नव्हते. त्या संध्याकाळी फडावर आणि रस्त्यावर असलेल्या कितीतरी माणसांनी मान वर केली असेल. त्यांची साक्ष कोणी घेतली नाही, हे मात्र खटकते.

या परिसरात पाहण्यासारखे आणि फसण्यासारखेही पुष्कळ आहे. थंडीच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर ऊबदार थर बसतो. असे झाले की प्रकाशकिरण वाकतात आणि एरवी क्षितिजाखाली असणारे दूरचे दिवे वर उचललेले, थरथरताना, कधी उभे ताणलेले दिसतात. मावळतीचा शुक्र अशा हवेतून पाहिला तर तो रंग बदलतो आणि आपण चालू लागलो की आपल्याबरोबर चालतोसा वाटतो. अनुभवी वैमानिकसुद्धा त्याला फसले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून शास्त्रीय उपकरणे घेऊन प्रचंड फुगे सोडले जातात. तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरच्या अशा फुग्यावर, खाली सूर्य मावळल्यानंतरही सुमारे पाव-अर्धा तास ऊन असते. त्या वेळी तो न हलणाऱ्या तेजस्वी ताऱ्यासारखा दिसतो. अलीकडे उपग्रहांच्या माळाही जातात. त्या पाहून घाबरलेल्या माणसाला मूर्ख म्हणणाऱ्याने, पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपल्याला काय वाटले होते ते आठवावे.

आम्ही त्या तरुणाला एवढेच सुचविले, की पुन्हा काही दिसले तर आधी घड्याळ पाहा. मग हात लांब करून मूठ धर. मुठीची रुंदी साधारण दहा अंश असते. वस्तू क्षितिजावर किती मुठी होती, किती वेळात किती मुठी सरकली, कोणत्या झाडाच्या वा चिमणीच्या बाजूला होती, एवढे लिही. काय होते ते नंतर. कसे होते ते आधी. आणि शेजारी कोणी असेल तर त्याला स्वतंत्र लिहायला सांग, तुझे वाचून नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगलेच दव पडले होते. सूर्य वर आला तेव्हा आम्ही दोघे गव्हाच्या एका वावराच्या बांधावर पाठीवर ऊन घेऊन उभे होतो. आमच्या सावल्या ओल्या रोपांवर लांबच लांब पडल्या होत्या. दवाचा प्रत्येक थेंब बारीकसे भिंग होऊन उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. त्यामुळे डोक्याच्या सावलीभोवती पांढरी, मऊ अशी झळाळी दिसते. जर्मन लोक तिला 'पवित्र तेज' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सोळाव्या शतकातील इटालियन शिल्पकार बेनवेनुतो चेल्लिनी याला ती सकाळच्या वेळी दवावर आपल्या सावलीभोवती दिसली. ही आपल्यावर झालेली देवाची खास कृपा, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले, आणि निवडक लोकांना आपण ती दाखविली असेही सांगितले. त्या निवडक लोकांना बहुधा स्वतःचीच झळाळी दिसली असावी. त्यांनी भिडेखातर ते सांगितले नसेल.

तरुणाने आधी स्वतःच्या सावलीकडे पाहिले, मग आमच्या. मग मान हलवून, डावी-उजवीकडे सरकून, खाली बसून पाहिले. बराच वेळ त्याचे हे चालले होते.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याभोवती काहीच नाही. माझ्याच आहे."

आम्ही आमच्या सावलीकडे पाहिले. आम्हाला ते आमच्याच डोक्याभोवती दिसत होते.